फुटबॉलचा अजबबंगला

जिनिंग फॅक्टरीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर रुईचे तंतू कसे बसतात, पाहिलंय कधी? कोणी मुद्दाम टाकत नाही. दिवसभर आपलं काम करायचं आणि संध्याकाळी पाहावं तर डोकं पांढरं! किश्शांचंही तसंच असतं. मी आमच्या गावच्या फुटबॉल संग्रहालयाचा चिटणीस होतो. किस्से शोधायला कुठं गेलो नाही. दाराशी खुर्ची टाकून बसलो, आणि तेच येऊन अंगावर बसले.

हे किस्से सांगितले की मित्रमंडळी पोट धरून हसतात. हसा बापहो! मला मात्र अजूनही हसू येत नाही, डोकं तापतं. तुम्हीच ऐका आणि सांगा, माझं काही चुकतंय का.

गावाचं नाव सांगत नाही. खामगावच्या आसपासचं आहे, मंगळवारचा बाजार भरतो, दोन जिनिंग आहेत, एवढं पुरे. सरपंचांचंही नाव घेत नाही, कारण त्यांची नातवंडं माझ्या हाताखाली शिकली आणि पोरं खरंच चांगली होती.

तर इंग्रजांच्या काळात जिनच्या गोऱ्या मॅनेजरनं गावात पहिला फुटबॉल आणला. जिनचे मजूर, मळेवाले, दुकानदार, सगळ्यांची मिळून एक टीम झाली. तिचे लेफ्ट बॅक म्हणजे आमचे नानाभाऊ. गावाबाहेर त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा. खेळणं सुटलं, पण या माणसानं टीमची एक वस्तू टाकू दिली नाही. जोडे, जर्सी, रेफरीची शिट्टी, फाटके बॉल, गोलपोस्टचा तुकडासुद्धा! सगळं गोणपाटात बांधून मळ्यातल्या झोपडीत ठेवलेलं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. जो तो काही तरी नवं काढायच्या मागं होता. त्या हवेत ग्रामपंचायतीनं मोटर स्टँडसमोरची, जुन्या कोंडवाड्याची खोली या वस्तू मांडायला टीमच्या क्लबला दिली. अट एकच, 'संग्रहालय नीट चालेल तोवर.' आता हे 'नीट' ठरवणार कोण? सरपंच! आणि सरपंचांच्या साळ्याला हॉटेल टाकायला गावात जागा कोणती पसंत होती? तीच खोली! इकडं मळ्यातली झोपडी तर वस्तू इथं आणल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेली होती. म्हणजे खोली गेली की नानाभाऊंच्या वस्तूंना उकिरड्याशिवाय जागा नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं आणि सरपंचांनाही.

* * *

उद्घाटनापासूनच सुरुवात करू.

जिल्ह्यातले एक पुढारी आले होते. फीत कापली, नारळ फुटला. पाहुण्यांनी एक किक मारायची असं ठरलं होतं आणि त्यासाठी नवा कोरा बॉल बाहेर तयार ठेवला होता. पण सरपंचांचा उत्साह! ते आत गेले आणि काचेखालचा बॉल उचलून घेऊन आले. आमचा सगळ्यात जुना, वादीनं तोंड बांधायचा चामडी बॉल. त्यातलं ब्लॅडर कधीच कुजलं होतं. आकार राहावा म्हणून नानाभाऊंच्या बायकोनं, म्हणजे गंगाकाकूंनी, आत चिंध्या भरून दिल्या होत्या.

मी ओरडलो, "सरपंच, तो नाही! तो नाही!" पण नेमका तेव्हाच बँडवाल्यांनी ठेका धरला. पुढाऱ्यांनी धोतर सावरलं आणि हाणली लाथ!

शिवण उसवली. बॉल जागचा हलला नाही, पण पुढाऱ्यांच्या बुटाला हिरव्या लुगड्याची हातभर चिंधी लटकायला लागली. गंगाकाकू बायकांत उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

वाटलं, आता तरी हा पुढारी शरमेल. छे! त्यानं चिंधी हातात घेतली, सभेला उंच करून दाखवली आणि गरजला, "परदेशी रबर टाकून देऊन आपल्या बांधवांनी खेड्यातलं कापड वापरलं! हा स्वदेशी फुटबॉल उभ्या महाराष्ट्रात गेला पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट! सगळ्यात जोरात सरपंच वाजवत होते. नानाभाऊ तेवढे उकिडवे बसून उसवलेली शिवण बोटानं चाचपत होते.

* * *

लोक आमच्या संग्रहालयाला अजबबंगला म्हणायचे. पेंढा भरलेल्या वाघांचा, तलवारींचा नागपूरचा अजबबंगला पाहून आलेले बरेच होते ना गावोगावी! मंगळवारी बाजाराला आलेला माणूस मोटर सुटायला वेळ असला की आमच्याकडं डोकावायचा. खोली शेणानं सारवलेली, म्हणून पायातलं बाहेर काढायला लावायचो.

एकदा पिंपळगाव राजाचा एक शेतकरी आला. चांगला उंचापुरा, खांद्यावर उपरणं. त्यानं आत येऊन एक गिरकी घेतली आणि विचारलं, "वाघ कठी हाये?"

मी म्हणालो, "वाघ नाही."

"तलवार?"

"तीही नाही."

"मंग हाये काय बापा तुमच्या अजबबंगल्यात?"

नानाभाऊ पुढं झाले. त्यांनी मोठ्या अभिमानानं काचेकडं बोट दाखवलं. "हे जोडे पाहा. गोरा साहेब बॉल घिऊन चालला व्हता, या जोड्यानं म्या त्याच्या पायातून काढला."

शेतकऱ्यानं जोडे पाहिले. मग दाराबाहेर पाहिलं. "वा रे न्याव! आमचे जोडे उन्हात, अन् तुमचे जोडे काचेत!"

असं म्हणून तो तरातरा बाहेर गेला. आणि लगेच परत आला. बाजाराचा दिवस, बाहेर ठेवलेल्या त्याच्या नव्या वहाणा कोणीतरी पायात घालून चालता झाला होता! मी म्हणालो, शोधू, विचारू, चौकशी करू. तो काही ऐकेना. त्यानं सरळ काचेवर टिचकी मारली.

"मंग हेच द्या!"

त्या दिवशी नानाभाऊ अनवाणी मळ्यात गेले. जातानासुद्धा बडबडत होते, "इतिहास मांगून राह्यला लेकाचा, पायात घालाले!"

* * *

गंगाकाकू उद्घाटनानंतर एकदाच संग्रहालयात आल्या. भिंतीवर टीमचा मोठा फोटो होता. त्यांनी तो नाकाला नाक लावून पाहिला.

"यायच्यात तुमी कोंते?"

नानाभाऊंनी दाखवलं. मागच्या रांगेत डावीकडून शेवटचे. पण त्या जागी चेहरा कुठं होता! नुसता धूर. फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हणून सांगितलं आणि त्याच वेळी बाजूला कोणीतरी बॉल उडवला. नानाभाऊंची मान आपोआप तिकडं वळली. टीमच्या इतिहासातला एकच फोटो, आणि त्यात हा माणूस बिनचेहऱ्याचा!

काकू कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या. "मास्तर, लगनात अंतरपाट दूर झाला तवा मायाकडं पाहाले पाह्यजे का नाई? हे तिकडंच पाहून राह्यले व्हते. मांडवामांगं पोट्टे खेळत व्हते ना! म्या हार धरून उभी!"

"गोल झाला व्हता तवा," नानाभाऊ पुटपुटले.

"आयका!" काकू मला म्हणाल्या. "अजून याद हाये त्यायले!"

* * *

आता ही गोष्ट ऐका. ही आठवली की माझे हात शिवशिवतात.

त्या काळात नव्या मराठी शब्दांचं वारं सुटलं होतं. सगळ्या कचेऱ्यांतून जुन्या पाट्या उतरत होत्या. आमच्याकडं पुण्याहून एक पाहुणे आले. जिल्ह्यातली प्रेक्षणीय स्थळं पाहायला निघाले होते. रोहिणखेडची मशीद पाहून येताना त्यांची मोटर गरम झाली आणि ती थंड होईपर्यंत ते आमच्याकडं बसले. माणूस विद्वान होता. पण आत आल्याबरोबर नाकाला रुमाल लावला, सारवण ओलं होतं म्हणून!

वस्तूंकडं त्यांनी पाहिलंही नाही. पाहिल्या फक्त माझ्या चिठ्ठ्या. मी चित्रकलेचा मास्तर, प्रत्येक वस्तूखाली वळणदार अक्षरात चिठ्ठी लावलेली. ते हसले. "लेफ्ट बॅक? गोल? पेनल्टी? अहो, आता आपलं राज्य आहे. आणि हे 'बॉल ठोकरला' काय लिहिलंय? असं गावंढळ लिहून कसं चालेल?"

सरपंच शेजारी उभे होतेच. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला, "मास्तर, साहेब म्हन्तात तसं करा. नाई तं संग्रहालय नीट नाई असं लिहा लागीन मले."

खोलीचा प्रश्न! काय करता? पाहुण्यांनी सांगितलेले शब्द उतरवून घेतले आणि एक आख्खा रविवार घालवून सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. कंदुक झाला, पादत्राण झालं, दंडपदाघात झाला. दुसऱ्या दिवशी नानाभाऊ आले. वाचता यायचं त्यांना, सावकाश, बोट फिरवत. फोटोखाली थांबले. स्वतःच्या नावापुढचं वाचलं, 'वामपृष्ठरक्षक'.

त्या शब्दावर पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, हा कोन व्हय? आमच्या टीममंधी नव्हता!"

मी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. सरपंचांना सांगितलं, काय लिहायचं ते लिहा!

* * *

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. जिनमध्ये तर तो केवढा सोहळा! यंत्रं धुऊन पुसून, तेल देऊन, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आमच्या टीमचे जुने खेळाडू बहुतेक जिनमधलेच. एका वर्षी त्यांच्या मनात आलं, आपलं खरं हत्यार तर संग्रहालयात पडलंय, त्याची पूजा कोणी करायची? मी नेमका सुट्टीत सासरवाडीला गेलेलो. नानाभाऊंकडून किल्ली घेतली आणि मंडळींनी यथासांग पूजा केली. एवढ्यावर थांबते तर काय बिघडत होतं? पण जिनची सवय! पूजेआधी यंत्राला तेल द्यायचं असतं ना! मग जोड्यांना सरकीचं तेल. बॉलला सरकीचं तेल. शिट्टीलासुद्धा सरकीचं तेल!

मी परत आलो. खोली उघडली तर झेंडूच्या वाळक्या माळा, जर्सीवर हळदीचे हात, आणि काचेच्या पेटीत जोड्यांपैकी एकच जोडा. दुसऱ्याच्या जागी नाड्यांचे तुकडे आणि चार खिळे. पूजेनंतर कोणी पेटी लावून घेतली नव्हती. सरकीचं तेल पाजलेलं चामडं, आणि शेजारी धान्याची अडत! उंदरांनी पंगत उठवली होती.

मी असा चिडलो होतो, त्या सगळ्यांना दारातच झोडपलं असतं. पण म्हातारे खाली माना घालून उभे. किसनाजी म्हणून आमचे सेंटर फॉरवर्ड, दम्यानं खंगलेले. ते म्हणाले, "मास्तर, कोरडे पडले व्हते हो जोडे. पाहून जीव तुटला." मी झाडू उचलला.

सरपंच मात्र खूश! दुसऱ्याच दिवशी हजर. "संग्रहालयातली वस्तू उंदरायनं खाल्ली. याले का नीट चालनं म्हन्तात?"

नानाभाऊ उरलेला जोडा पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली. "सरपंच, उंदरालेसुद्दा समजलं, अठी काई तरी हाये. तुमाले अजून नाई समजलं!"

* * *

खोलीत दारासमोरच्या भिंतीवर एक खिळा होता. नुसता खिळा. खाली चिठ्ठी, 'या खिळ्यावर शील्ड असती.'

त्याची कथा अशी. टीमच्या उमेदीच्या काळात एक फायनल झाली. समोर अकोल्याकडची टीम. रेफरी म्हणून मॅनेजरचाच एक गोरा पाहुणा. गोलपोस्टला तेव्हा जाळी नसायची. किसनाजींनी बॉल मारला, तो दोन्ही खांबांच्या मधून गेला आणि मागच्या कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन पडला. सगळ्या गावानं पाहिला. पाहत नव्हता तो एकटा रेफरी, कारण त्याच वेळी साहेबांसाठी गोटी सोड्याची बाटली फुटली होती आणि साहेब बाटलीकडं पाहत होते! वळून म्हणाले, बाहेरून गेला. संपलं. हरलो! शील्ड अकोल्याकडं गेली.

या गोष्टीला किती वर्षं झाली तरी नानाभाऊंच्या घरी सोडा कोणी पीत नव्हतं.

एकदा पावसाच्या दिवसांत सरपंच तपासणीला आले. हातातली ओली छत्री कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि अडकवली त्या खिळ्याला!

नानाभाऊ ताडकन उठले. "सरपंच, छत्री काढा."

"काऊन? खिळा रिकामा तं हाये."

"थो रिकामा नाई!"

सरपंचांनी चिठ्ठी वाचली आणि खो खो हसत सुटले. "'असती' लिव्हलं ना बे? म्हन्जे नाई! नसलेली वस्तू कोन्या संग्रहालयात ठेवतात?"

नानाभाऊ शांतपणे म्हणाले, "इलेक्शनमंधी तुमी बी दोन खेप पडले. तवा 'सोसायटीचा चेअरमन असतो मी' म्हनत गावभर फिरत नव्हते का? गावानं ठेवलं ना तुमाले?"

सरपंचांचं हसू जागच्या जागी आटलं. छत्री काढली आणि पावसात न उघडताच निघून गेले. आठ दिवसांत पंचायतीची सभा लागली. विषय एकच, संग्रहालयाची खोली परत घेणे.

* * *

त्या सभेत मी होतो. मागच्या सतरंजीवर, नानाभाऊंच्या शेजारी.

सरपंचांनी भाषण ठोकलं. आपलं राज्य आलं, आपला महाराष्ट्र झाला, आता इंग्रजायचा खेळ कायले पाह्यजे? इंग्रज गेला, त्याचे जोडे आपुन काऊन पुजून राह्यलो? आपला खेळ हुतुतू! मोटर स्टँडवर परगावचे लोक येतात, त्यायले चहा पाह्यजे का फाटका बॉल?

साळा पुढच्या रांगेत बसून माना डोलावत होता. मी उठणार तेवढ्यात नानाभाऊंनी माझा हात दाबला आणि स्वतः उभे राहिले. पंचायतीत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. 

"सरपंच, हे राज्य याच्या आंधी कोनाचं व्हतं थे मले ठाऊक हाये. इंग्रजाच्या अंगावर हात टाकाची कोनाची छाती नव्हती गावात. आमी त्याले मैदानात खांदा मारून पाडत व्हतो. आमी त्याले गोल मारत व्हतो. अन् तवा तुमचे बाबा त्याच्या गळ्यात हार घालाले लायनीत उभे राहत व्हते! आता मले सांगा, इंग्रजाचा कोन व्हय?"

सभा अशी हसली की कोपऱ्यातलं कुत्रंही उठून पळालं. सरपंच लालेलाल! मला वाटलं, जिंकलो. मग सरपंच म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा." आणि हसणाऱ्यांनीच हात वर केले. एकूण एक! त्यातले दोन हात तर कधी काळी आमच्याच जर्सीच्या बाहीतून बाहेर आलेले होते. मला सरपंचांचा राग होताच, पण खरा संताप आला तो त्या दोन हातांचा. आजही ते गृहस्थ रस्त्यात भेटले की मी पलीकडच्या बाजूनं जातो.

बाहेर आल्यावर नानाभाऊंनी एवढंच विचारलं, "मास्तर, गोणपाट कठी ठेवलं आपुन?"

* * *

खोली खाली करायचा दिवस सोमवारचा होता. सकाळी शाळेत जायच्या आधी म्हणून मी गेलो, तर संग्रहालयासमोर आमचे जुने खेळाडू जमलेले. ते दोघे सोडून जे हयात होते ते सगळे! कोणी काठी टेकत आलेला, कोणाच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. किसनाजींना तर मुलानं बैलगाडीत घालून आणलं होतं. कोणी बोलावलं नव्हतं. कोणी काही ठरवलं नव्हतं.

थोड्या वेळानं सरपंच आले. हातात नवं कुलूप. मागं सामान उचलायला एक गाडी, गाडीत साळा, आणि साळ्याच्या मांडीवर चहाची भलीमोठी किटली. एवढी घाई! सोबत पोलीस ठाण्यातून मागवलेला एक हवालदार. चार-पाच म्हाताऱ्यांच्या वस्तू बाहेर फेकायला पोलीस!

तेवढ्यात नानाभाऊ दारासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारी किसनाजी. मग एकेक करून सगळे. खांद्याला खांदा, हात पोटाखाली एकात एक गुंतवलेले.

फुटबॉल न खेळलेल्यांसाठी सांगतो. समोरच्याला फ्री किक मिळाली, म्हणजे त्याला आपल्या गोलवर मोकळा फटका मारायची संधी मिळाली, की आपले खेळाडू असे ओळीनं उभे राहतात. त्याला भिंत म्हणतात. ही भिंत कुठं लावायची हे ठरवतो गोलकीपर. तो मागं गोलमध्ये असतो, त्यामुळं कुठं फट राहिली ते त्याला दिसतं. आमचे गोलकीपर दगडूजी, ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. त्यामुळं भिंत लागली खरी, पण कशीतरीच. वाकडी.

मी तर जन्मात टीममध्ये नव्हतो. रेषेवर झेंडी धरायचो. शिवाय सरकारी शाळेचा मास्तर, सरपंचांनी एक शब्द टाकला असता तर बदली थेट मेळघाटात. तरी गेलो आणि ओळीच्या टोकाला उभा राहिलो. संतापच एवढा होता!

बघता बघता सगळा मोटर स्टँड गोळा झाला. सुटायची गाडी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरून आले.

"नानाभाऊ, बाजूले व्हा," सरपंच म्हणाले. "ठराव झाला हाये."

नानाभाऊंनी पाय आणखी रोवले.

"लोकं हासून राह्यले तुमाले! या वयात शोभते का हे?"

कोणी हाललं नाही. किसनाजींचा दमा तेवढा ऐकू येत होता.

सरपंच हवालदाराकडं वळले. "हवालदार, हटवा यायले!"

हवालदार पुढं आला. तरणा, उंच, परातीएवढे पंजे. जवळ आल्यावर मी त्याला ओळखलं. गेल्या हिवाळ्यात खामगावच्या मॅचमध्ये पोलिसांच्या टीमच्या गोलमध्ये हाच उभा होता. याचा एक हात पडला असता तर आमची आख्खी ओळ आडवी झाली असती.

तो भिंतीसमोर थांबला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं एकेकाला पाहिलं. मग मागं दाराकडं पाहिलं. मग सरपंचांच्या हातातल्या कुलपाकडं.

"पाहून काय राह्यले? हटवा!" सरपंच ओरडले.

हवालदारानं नानाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. नानाभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"काका," तो म्हणाला, "डाव्या अंगानं फट राह्यली तुमची. सरका जरा तिकडं."

नानाभाऊंनी डोळे उघडले.

"सरका ना! आनखीन. हां. किसनकाका, तुमी त्यायच्या खांद्याले खांदा भिडवा. मास्तर, तुमी काऊन सुटे उभे? आत या. बस! आता हालू नोका."

भिंत सरकली. दार पुरतं झाकलं गेलं.

"हवालदार!" सरपंचांचा आवाज चिरकला. "काय करून राह्यले तुमी हे?"

हवालदारानं टोपी काढून ओट्यावर ठेवली. भिंतीला वळसा घालून तो मागं गेला आणि दाराच्या चौकटीत, गुडघे वाकवून, दोन्ही पंजे पसरून उभा राहिला.